आयात केलेले घडीचे चाकू: पोलाद तेच, किंमत चौपट. फरक कुठे शोधायचा?

दुधारी

तीन घडीचे चाकू मागवलेत, त्यातला एकच ठेवणार. तिन्ही बाहेरून आलेले, तिन्हींच्या पात्यावर "डी२" (पोलादाची एक जात) कोरलेलं, पात्याची लांबी ८ सेंमीच्या आसपास. किमती मात्र १ : २ : ४ अशा. स्वस्त आणि मधला लायनर लॉकचे (मुठीतली धातूची पट्टी उघड्या पात्यामागे अडकते), जी१० च्या, म्हणजे काचतंतू-रेझिनच्या मुठीचे. महागडा फ्रेम लॉक आहे (मुठीची बाजूच पात्यामागे अडकते), मूठ "टायटॅनियम", आणि पातं बेअरिंगवर फिरतं. काम साधंच: खोकी, दोर, प्लास्टिकच्या पट्ट्या, अधूनमधून लाकूड तासणं.

परत करायची मुदत संपायच्या आत, पात्यावर वापरल्याची खूण न पाडता घरच्या घरी काय काय तपासता येईल? हाताशी व्हर्नियर, १० पटीचं भिंग आणि १ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा आहे. "सर्जिकल स्टील", "मिलिटरी ग्रेड" वगैरे जाहिराती वाचून झाल्यात, त्या सोडून सांगा.

कानस

आधी लॉक बघा, पोलादाचं नंतर. वाईट धार पुन्हा लावता येते. लॉक सुटला तर पातं बोटांवर मिटतं.

पातं उघडा आणि मुठीच्या फटीतून, मागे उजेड घेऊन, लायनर (लॉकची पट्टी) पात्याच्या बुडाला, म्हणजे मुठीतल्या टोकाला, कुठे टेकलाय ते भिंगातून पाहा. पहिलं म्हणजे तो जाडीत किती आत आलाय. नव्या चाकूत बुडाच्या जाडीच्या पाव ते निम्म्या भागापर्यंत यायला हवा. जेमतेम कडेवर असेल तर मूठ पिळली गेल्यावर किंवा मध्ये कचरा अडकल्यावर सुटू शकतो. नवाकोराच पलीकडच्या लायनरला भिडत असेल तर झीज झाल्यावर सरकायला जागाच नाही.

दुसरं सहसा कुणी बघत नाही: तो उंचीत कुठे टेकलाय. बुडाच्या खालच्या कोपऱ्यात, म्हणजे पिव्हटपासून (पातं ज्यावर फिरतं तो दांडा) जितका लांब तितका चांगला. पिव्हट, स्टॉप पिन (उघडं पातं जिथे अडतं ती खीळ) आणि लॉकची टेकण या तीन बिंदूंवर उघडं पातं उभं असतं. टेकण पिव्हटच्या जवळ सरकली की त्रिकोण चिंचोळा होतो आणि पातं वरखाली डुलायला लागतं.

आता खेळ. पातं मध्यावर दोन्ही सपाट बाजूंनी चिमटीत धरा, धारेला बोट नको. डावीउजवीकडे हलवा, मग वरखाली. आडवा खेळ पिव्हटचा स्क्रू अष्टमांश फेरा आवळला की बहुधा जातो. उभा जात नाही. स्क्रू करकचून आवळला तर घर्षणामुळे तो दडतो, म्हणून आधी स्क्रू इतका सैल करा की पातं सहज फिरेल, आणि मगच तपासा. तरीही उभं हलत असेल तर लॉकचा कोन चुकलाय, स्टॉप पिन भोकात सैल आहे किंवा पिव्हटचं भोक मोठं पडलंय. यातलं एकही घरी नीट करण्यासारखं नाही. बॅक लॉकच्या (लॉक मुठीच्या पाठीला असलेल्या) चाकूत किंचित उभा खेळ चालवून घेतात, लायनर आणि फ्रेम लॉकमध्ये घेऊ नये.

लॉकवर भार टाकून बघायचा तर पात्याची पाठ लाकडी फळीच्या कडेवर टेकवा, मूठ अशी धरा की पातं मिटलं तरी बोट वाटेत येणार नाही, आणि हळूहळू वजन वाढवा. लायनर मागे सरकताना दिसला की तिथेच थांबा. व्हिडिओत पाठ फळीवर ठोकून दाखवतात, ते करू नका. ठोक्याने लायनर उसळतो आणि टेकायची कड चेपते, म्हणजे चांगला लॉकही त्यात बिघडतो.

शेवटी मिटलेला चाकू मुठीची फट जमिनीकडे येईल असा धरून दोन-तीनदा झटका द्या. पातं बाहेर डोकावलं तर लायनरवरची, मिटलेलं पातं धरून ठेवणारी गोळी बुडाच्या खळग्यात नीट बसत नाही. असा चाकू खिशात उघडतो.

पाणीदार

कानस यांनी लॉकचं नेमकं सांगितलंय. पोलादाबद्दल मी लिहितो.

पात्यावरचं "डी२" ही कच्च्या मालाची ओळख. त्यात सुमारे दीड टक्का कार्बन, बारा टक्के क्रोमियम, थोडं मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियम असतं. पण पाणी कसं चढवलंय, म्हणजे तापवून-विझवून कडक कसं केलंय, ते त्यावरून कळत नाही. डी२ चं पातं ६० एचआरसीच्या (रॉकवेल, कठीणपणाचं माप) आसपास असावं. घाईत, भट्टी जास्तीची भरून काढलेलं तेच पातं ५६ ला राहतं आणि डी२ घेण्याचा फायदाच संपतो. उलट व्हिक्टोरिनॉक्सची पाती ५६ च्या आसपासच असतात, पण ते पोलाद त्याच कठीणपणासाठी निवडलेलं आहे आणि पातं पातळ आहे, त्यामुळे ती कापतात झकास.

नुसतं "४४०" लिहिलेलं असेल तर ते ४४०ए धरून चला. ४४०सी वापरणारा तो "सी" गाळत नाही.

लोहचुंबकाने पातं तपासायच्या भानगडीत पडू नका. कडक केलेलं स्टेनलेस पातंही चुंबकाला चिकटतं. चाचणीच्या कानशींचा संच मिळतो, ४० ते ६५ एचआरसी, पाच-पाचच्या टप्प्याने. डी२ च्या पात्यावर ५५ ची कानस घसरायला हवी आणि ६५ ची चावायला हवी. मात्र खूण पडते, तेव्हा चाकू ठेवायचं पक्कं झाल्यावर आणि बुडाच्या आतल्या, न दिसणाऱ्या भागावरच. धातूच्या भंगारवाल्यांकडे किंवा तपासणी प्रयोगशाळेत एक्सआरएफ (क्ष-किरणांनी धातूतली मूलद्रव्यं मोजणारं) यंत्र असतं, त्याने खूण पडत नाही. फक्त ते कार्बन मोजत नाही, आणि क्रोमियमच्या आकड्याने फसायला होतं: डी२ मध्ये साधारण १२, स्वस्तातल्या ८सीआर१३एमओव्ही पोलादामध्ये साधारण १३ ते १४. फरक कळतो तो मॉलिब्डेनम आणि व्हॅनेडियमवरून. डी२ मध्ये दोन्ही एक टक्क्याच्या आसपास, दुसऱ्यात पाव टक्क्याच्या आतबाहेर.

या सगळ्यापेक्षा जास्त सांगून जाते ती धारेमागची जाडी, आणि त्यासाठी तुमचं व्हर्नियर पुरतं. धारेची चकचकीत तिरपी पट्टी जिथे संपते आणि पात्याचा मूळ उतार सुरू होतो, तिथली जाडी मोजा. तीन ठिकाणी: बुडाजवळ, मध्यावर आणि टोकाजवळ. ०.३ ते ०.५ मिमी असेल तर पुठ्ठा सरसर कापेल. ०.७ च्या पुढे धार कितीही तीक्ष्ण असो, पातं पुठ्ठ्यात पाचरीसारखं अडकणार. ही जाडी पोलाद फुकट मिळालं तरी सुधारत नाही. ती पातळ करायला घासणारा कुशल माणूस आणि पाणी न उतरवता घासण्याइतका वेळ लागतो, स्वस्त चाकूत नेमकं तेच वाचवलेलं असतं.

त्याच जागी धारेच्या पट्टीची रुंदी मोजली की कोनही निघतो. जाडीच्या निम्म्याला पट्टीच्या रुंदीने भागा, उत्तराचा साइन-उलट काढला की एका बाजूचा कोन. जाडी ०.५ आणि पट्टी ०.७३ असेल तर २० अंश. तुमच्या कामाला दर बाजूला १७ ते २० पुरे.

भिंग दिव्याखाली धरून धारेवर सरळ वरून पाहा. तीक्ष्ण धार दिसत नाही. जिथे प्रकाश चमकतो तिथे ती बोथट आहे, दुमडलेली आहे किंवा कारखान्यात बर (घासताना कडेला उरलेली धातूची पातळ किनार) काढायची राहिलीय. कागद कापून दाखवणं ही धारेची परीक्षा, पोलादाची नव्हे. बर असलेली धारही कागद सुरेख कापते आणि दहा लाकडी कापांत मरते.

टी-आठ

वरच्या दोघांशी बहुतांशी सहमत. पण चाकूची किंमत ठरवताना तो खोलता येतो का हे आधी बघावं, त्यावर अजून कुणी बोललं नाही.

सगळे स्क्रू टॉर्क्स (सहा टोकांच्या चांदणीच्या खाचेचे) आहेत का, टी६ आणि टी८ मध्ये काम भागतं का, पिव्हटचा दांडा एका बाजूने सपाट करून मुठीत अडकवलाय का हे पाहा. दांडा मोकळा असेल तर स्क्रू फिरवताना दोन्ही टोकं एकत्र फिरतात आणि दोन पाने लागतात. मुठीला रिव्हेट मारलेले असतील तर खेळ आला की चाकू संपला. वॉशर आणि स्क्रू सुटे मिळतात का हे घेण्याआधी विचारा. आयात मालाची आजीवन हमी वाचताना चाकू कुठे पाठवायचा आणि जायचा-यायचा खर्च कुणाचा तेही बघा, कधी कधी तो खर्च चाकूच्या किमतीच्याच घरात जातो. खोलल्यावर हमी जाते का, हेही तिथेच लिहिलेलं असतं.

बेअरिंग म्हणजे वरचा दर्जा, असं नाही. बेअरिंगवर पातं झटक्यात उघडतं, म्हणून दुकानात आवडतं. पुठ्ठ्याची भुकटी आणि वाळू आत गेली की तेच आधी करकरतं. फॉस्फर ब्राँझचे वॉशर सुरुवातीला जड वाटतात, पण वापराने रुळतात आणि कचऱ्याला दाद देत नाहीत. तुमच्या कामाला मी वॉशरच घेईन. बेअरिंग घेतलंच तर गोळ्या कशावर फिरतात ते पाहा. नुसत्या टायटॅनियमवर फिरत असतील तर त्यात चाकोरी पडते, मध्ये कडक पोलादी चकती हवी.

मिटल्यावर पातं मधोमध आहे का यावर लोक फार वेळ घालवतात. लायनरला घासत नसेल तर सोडून द्या.

मूठ खरंच टायटॅनियमची आहे का हे तुमच्या काट्यावर कळतं. खोलायला परवानगी असेल तर क्लिप आणि लॉक नसलेल्या बाजूची पट्टी सुटी करून वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करा, पट्टी दोऱ्याने पूर्ण बुडवा, तळाला आणि कडेला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितकं पट्टीचं घनफळ घन सेंटीमीटरमध्ये. वजनाला त्याने भागा. टायटॅनियम ४.५ च्या जवळ, ॲल्युमिनियम २.७, स्टेनलेस ७.७ ते ८. तुमचा काटा अर्धा ग्रॅम इकडेतिकडे दाखवील, तरी एवढ्या अंतरात घोळ होत नाही. "टायटॅनियम कोटेड" म्हणजे टायटॅनियम नव्हे, ती पोलादावरची काही मायक्रॉनची परत असते.

गावाच्या नावाचं म्हणाल तर सगळ्या नावांमागे सारखं बळ नसतं. झोलिंगेनच्या नावाला जर्मनीत १९३८ पासून कायद्याचं संरक्षण आहे, मुख्य प्रक्रिया तिथेच झाल्याशिवाय ते नाव मारता येत नाही. लागिओल हे फ्रान्समधलं नाव मात्र कुणी एकाचं नाही, त्या नावाचे आणि मधमाशीच्या चिन्हाचे चाकू आशियातही ढिगाने बनतात. अमेरिकेची स्पायडरको कंपनी आपल्या पात्यावर सेकी (जपान), ताइचुंग (तैवान) किंवा गोल्डन (अमेरिका) असं गाव लिहिते, त्यावरून तो कुठे बनला ते कळतं. चीनच्या यांगजियांगमध्ये भंगार माल आणि अव्वल माल एकाच शहरात बनतो, त्यामुळे "चिनी आहे" एवढ्यावरून काहीच ठरत नाही. ब्रँडचा चाकू असेल तर कंपनीने जाहीर केलेलं वजन आणि लांबी ताडून पाहा. वजन चार-पाच ग्रॅमने चुकत असेल, कोरलेली अक्षरं कडेला फुटलेली असतील, स्क्रूची डोकी वेगळी असतील तर तो नकली धरा. नकली चाकूत मुठीचं काम बऱ्यापैकी असतं, पाणी मात्र भगवान भरोसे.

दुधारी

कालपासून मोजमाप केलं. जाडी आणि पट्टी टोकाजवळची, मिमीमध्ये.

स्वस्त: जाडी ०.८५, पट्टी १.०. लायनर बुडाच्या कडेवर, १५ टक्के असेल. स्क्रू सैल केल्यावर पातं वरखाली टकटकतं.

मधला: जाडी ०.५, पट्टी ०.७५. लायनर साधारण ४० टक्के, खालच्या कोपऱ्यात. उभा खेळ नाही, आडवा किंचित आहे. ब्राँझचे वॉशर.

महाग: जाडी ०.६५, पट्टी ०.८. लॉक ३५ टक्के, खेळ अजिबात नाही. पाठीची जाडी ४ मिमी. कंपनी खोलायला परवानगी देते, म्हणून पट्टी काढली: ३१ ग्रॅम, पाण्यात काटा ७ ने वाढला. गोळ्यांखाली पोलादी चकत्या आहेत.

पाणीदार

३१ भागिले ७ म्हणजे ४.४. टायटॅनियम खरं आहे.

कोन काढले तर स्वस्ताचा दर बाजूला २५ अंश, मधल्याचा साडेएकोणीस, महागाचा २४. म्हणजे तुमचे जास्तीचे पैसे मुठीच्या यंत्रकामात आणि बेअरिंगमध्ये गेलेत, कापणाऱ्या भागात नाही. ४ मिमीची पाठ आणि ०.६५ ची धार हे खोकी फोडायचं पातं नव्हे. तुलनेला ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा ८ नंबर घ्या: लाकडी मूठ, फिरती कडी, पात्याची पाठ पावणेदोन मिलिमीटरच्या आसपास, आणि पुठ्ठा कापण्यात यातल्या महागड्याला सहज मागे टाकेल.

महागाचा कोन १७ वर आणता येईल, पण जाडी ०.६५ च राहणार आणि पट्टी १.१ मिमी रुंद होणार. बरा कापेल, पातळ होणार नाही.

स्वस्त आजच परत करा.

कानस

स्वस्ताचं निदान सरळ आहे. लायनर कडेवर थांबतोय, कारण बुडाचा उतार जास्त घासला गेलेला नाही किंवा लायनर लांब कापला गेलाय. तो थोडा घासून आत आणता येतो, पण उभी टकटक स्टॉप पिनमुळे असेल तर घासूनही राहील. त्यात वेळ घालवू नका.

दुधारी

मधला ठेवतोय. दोन प्रश्न उरलेत. पहिल्याच दिवशी पुठ्ठा कापल्यावर भिंगातून धारेला बारीक खांडं दिसतात, हे पाणी वाईट चढवल्याचं लक्षण का? आणि तो आडवा खेळ स्क्रू आवळून जातो, पण वीस-पंचवीस वेळा उघडमिट केली की परत येतो.

पाणीदार

एवढ्यात निकाल लावू नका. कारखान्यात शेवटची धार पट्ट्याच्या यंत्रावर, पाण्याविना लावतात. धारेचा अगदी कडेचा भाग इतका पातळ असतो की तो क्षणात तापतो आणि त्याचं पाणी उतरतं किंवा तो ठिसूळ होतो. आतलं पोलाद तसंच चांगलं राहतं.

४०० ग्रिटच्या हिऱ्याच्या पट्टीवर, पाणी लावून, हाताने धार लावा. धारेच्या तिरप्या पट्टीवर आधी मार्करची शाई फासा, दोन-चार घासांत शाई कुठली गेली ते पाहा. फक्त वरची गेली तर पातं जास्त आडवं धरलंय, फक्त कडेची गेली तर जास्त उभं. खांडं जाईपर्यंत घासा, बर दुसऱ्या बाजूला टोकापासून बुडापर्यंत लागली की बाजू बदला, शेवटी अगदी हलक्या हाताने आळीपाळीने पाच-सहा घास देऊन बर काढा. असं दोन-तीनदा लावून झालं की जळका भाग निघून गेलेला असतो.

त्यानंतरही खांडंच पडली तर कोन २० ते २२ करून पाहा. साध्या डी२ मधली कार्बाइडं (पोलादातले कार्बनचे कठीण कण) मोठी असतात, फार पातळ धारेतून ती उखडतात. याच कारणाने त्याला आरशासारखी धार देण्यात अर्थ नाही, ४०० ते ६०० वर थांबा. धार तुटण्याऐवजी एका बाजूला दुमडत असेल तर मात्र पातं मऊ आहे. तेव्हा कानशींचा संच काढा.

एक सांगून ठेवतो, पुढचा चाकू घेताना १४सी२८एन पोलाद मिळालं तर बघा. बारीक कार्बाइडं, गंजत नाही म्हटलं तरी चालेल, आणि साध्या सहाणीवर लागतं. डी२ मधलं बरंचसं क्रोमियम कार्बाइडांत अडकलेलं असतं, म्हणून बारा टक्के असूनही ओलसर ठेवलं की ठिपके पडतात. एस३५व्हीएन किंवा एम३९० या महागड्या पोलादांचं आकर्षण असतं, पण त्यांतली व्हॅनेडियमची कार्बाइडं ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या सहाणीपेक्षा कठीण असतात. हिऱ्याची पट्टी घरात नसेल तर तिथे दिलेले जास्तीचे पैसे पहिली धार मरेपर्यंतच उपयोगाचे.

टी-आठ

स्क्रूचं सोपं आहे. पिव्हटचा स्क्रू पूर्ण काढा. तो हलेना तर जोर लावू नका, टी८ चं डोकं गोल होऊन बसतं. पान्याचं टोक लायटरवर तापवून स्क्रूत अर्धा मिनिट ठेवा, कारखान्यातलं थ्रेडलॉकर (आटे धरून ठेवणारा गोंद) मऊ पडतं.

स्क्रूचे आणि दांड्याच्या आतले आटे आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडे करा. तेलाचा अंश राहिला तर पुढचं सगळं वाया. निळं थ्रेडलॉकर घ्या, लाल नको, ते चांगलं तापवल्याशिवाय सुटत नाही. टाचणीच्या टोकावर येईल एवढाच थेंब स्क्रूच्या मधल्या आट्यांवर लावा. जास्त झालं तर वॉशरमध्ये उतरतं आणि पातं चिकटतं. वॉशरला तेलाचा एक थेंब पुरे, तोही आधी लावू नका, थ्रेडलॉकर सुकल्यावर लावा.

स्क्रू बसवून आडवा खेळ जाईपर्यंत आवळा, मग अगदी किंचित मागे. लॉक दाबल्यावर पातं स्वतःच्या वजनाने अर्ध्यापर्यंत यावं, धाडकन मिटू नये. हे जुळवायला दहा मिनिटं मिळतात, त्यानंतर थ्रेडलॉकर धरायला लागतं. चोवीस तास चाकू उघडमिट न करता ठेवा.